दीड, अडीच, साडेतीन

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या हंगामात कागलकडच्या एका फडावर गेलो होतो. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवणारा माणूस, लस टोचणं हे काही माझं काम नव्हे. पण उपकेंद्रातल्या सिस्टर ओळखीच्या, आणि त्यांच्या गाडीवर मागं बसून लसीची निळी पेटी धरायला त्या दिवशी कोणीतरी हवं होतं.

उसाच्या पाल्याच्या कोप्या, पुढं चूल, आणि बीडकडची एक बाई मांडीवर चार महिन्यांचं पोर घेऊन बसलेली. सिस्टरनी कार्ड मागितलं. बाईनं गाठोड्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून कार्ड. दीड महिन्याच्या रकान्यात तारीख होती. अडीच कोरा. साडेतीन कोरा.

"पयला गावाकडंच दिला, ताई. फुडचा कुठं द्यावा? आज हितं हाव, आठ दिसांनी टोळी कुठं जातीय, आमाला तरी कुठं ठावं?"

त्यावर रागवायला जागाच नव्हती. सिस्टरनी पेटी उघडली, राहिलेला डोस दिला. मध्ये खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलं तिथून पुढं चालू ठेवायचं. हे बऱ्याच आयांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांसह पाच आजारांवर चालते, आणि ती बाळाला तीनदा द्यावी लागते. पहिल्या डोसानं शरीराला शत्रूची तोंडओळख होते. ओळख पक्की व्हायला त्यानं पुन्हा पुन्हा भेटावं लागतं. पण शत्रू भेटण्यासाठी बाळानं केंद्रावर यायचं, आणि बाळाची आई तर टोळीबरोबर फिरते आहे. मग तिन्ही डोस एकाच दिवशी मांडीत टोचले आणि दुसरा-तिसरा आपापल्या तारखेला आतल्या आत उघडला तर? या कल्पनेवर जगभर चाळीसेक वर्षं काम चाललं आहे.

त्यासाठी वापरतात तो पदार्थ तुमच्यापैकी अनेकांच्या अंगात जाऊन आलेला आहे. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणतात ना, "टाके काढायला यायला नको, विरघळतील आपोआप"? त्यातले बरेच टाके याच घराण्यातले. लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक या दोन आम्लांचे मणी एका माळेत ओवायचे; त्या माळेला पीएलजीए म्हणतात. अंगातलं पाणी ही माळ हळूहळू तोडतं, सुटे झालेले मणी शरीर पचवतं, आणि शेवटी उरतं पाणी आणि आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याला आंबट करणारं आम्ल. कारखान्यात ते साखर आंबवून करतात, थायलंडमध्ये तर उसाच्याच साखरेपासून. म्हणजे त्या बाईच्या कोयत्याखाली जे पडत होतं, त्याच्याशी या मण्याचं लांबचं का होईना, नातं आहे.

यात गंमत प्रमाणाची. पीएलजीएचे बारीक कण करतात आणि त्यांच्या पोटात लस भरतात. दोन्ही आम्लं निम्मी-निम्मी घेतली तर असा कण साधारण महिना-दोन महिन्यांत मोडतो. लॅक्टिकचा वाटा वाढवत पंच्याऐंशी टक्क्यांवर नेला तर पाच-सहा महिने टिकतो. लॅक्टिक आम्लाला पाणी जरा कमी मानवतं, म्हणून. तारीख ठरवायची ती अशी, ओवतानाच.

आता हा कण मोडतो कसा? खडीसाखरेसारखा वरून झिजत जात असेल, असं वाटेल. तसं होत नाही. आषाढात घरात ठेवलेली गुळाची ढेप आठवा. बाहेरून शाबूत दिसते, पण हवेतली ओल आत मुरलेली असते, आणि एक दिवस हात लावला की बसते. पीएलजीएत पाणी आधी सगळीकडं शिरतं, माळा आतून तुटत राहतात, आणि बऱ्याच काळानं कण ढासळतो.

मग एवढं सगळं जमलं असताना अशी लस अजून आपल्या दवाखान्यात का नाही? प्रोस्टेट कॅन्सरवरचं ल्युप्रोलाइड नावाचं औषध अशाच कणांत भरून महिन्यातून एकदा टोचायला अमेरिकेत 1989 सालीच मंजूर झालं. जागतिक आरोग्य संघटनेनंही धनुर्वाताच्या एका डोसाच्या लसीसाठी प्रयत्न करून पाहिले. अडलं ते लसीच्या नाजूकपणावर. ल्युप्रोलाइड हा लहानसा, काटक रेणू. लसीतलं प्रथिन मोठं, घड्या घातलेलं. घडी विस्कटली की शरीर त्याला ओळखत नाही. ज्या लसीला आपण 2 ते 8 अंशांत जपतो, जिच्यासाठी सिस्टर बर्फाची पेटी घेऊन उन्हातान्हात फिरतात, तिनं आता 37 अंशांच्या ओल्या अंगात दोन महिने तग धरायचा!

वर आंबटपणा. माळ तुटते तशी आम्लं सुटतात. कणाच्या पोटात ती कोंडतात, आणि आतलं वातावरण लिंबाच्या वळणावर जातं. तिसऱ्या डोसाची पाळी येईपर्यंत प्रथिनाची पार नासाडी.

यावरचा एक उपाय वाचला तेव्हा मला हसू आलं. गुऱ्हाळात गुळव्या काय करतो? रस आंबट असेल तर गूळ नीट धरत नाही, म्हणून काहिलीत चुन्याची निवळी सोडतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2000 साली कणांत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मिसळून पाहिलं. अपचनावर पांढरं दुधट औषध मिळतं ना, त्यातलाच क्षार. आम्ल मारलं गेलं, प्रथिन टिकलं. आपल्या गुळव्याला हे ऐकवलं असतं तर तो म्हणाला असता, "मग, एवढंच व्हय?"

दुसरी अडचण वेळेची. साध्या कणातून लस पहिल्याच दिवशी भसकन बाहेर येते आणि मग थेंब थेंब झिरपत राहते. आपल्याला तर ठरल्या दिवशी एकदम हवी. 2017 साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या रॉबर्ट लँगर आणि अ‍ॅना जॅक्लेनेक यांच्या गटानं वेगळीच वाट काढली. त्यांनी पीएलजीएचे, सुईतून जातील एवढे, कुंकवाच्या करंड्यासारखे डबे साच्यात काढले, त्यांत औषध भरलं आणि झाकण ऊब देऊन चिकटवलं. उंदरांना टोचल्यावर वेगवेगळ्या प्रमाणाचे डबे 9व्या, 20व्या आणि 41व्या दिवशी उघडले. करंडा फुटेपर्यंत गळत नाही, हे त्यातलं खरं कौतुक. माणसांच्या बाळांपर्यंत हे अजून आलेलं नाही. निर्जंतुक राखून असे डबे लाखोंनी करणं सोपं नाही. मला स्वतःला आणखी एक प्रश्न छळतो: बाळाला पहिल्या डोसाची रिअ‍ॅक्शन आली तर पुढचे दोन परत कसे काढायचे?

तर त्या दिवशी सिस्टरनी कार्डावर अडीचच्या रकान्यात तारीख घातली. पुढची तारीख पेन्सिलीनं लिहिली, आपला मोबाईल नंबर मागं लिहिला आणि म्हणाल्या, "कुठल्या का गावात असशील, तिथल्या सिस्टरला हे कार्ड दाखव, पैसे पडत नाहीत." बाईनं नंबराकडं बघितलं.

"वाचाया येत न्हाई, ताई. पण मुकादमाला दावीन."

कार्ड परत पिशवीत गेलं, पिशवी गाठोड्यात. ट्रॅक्टर भरून उभा होता.