पंचवीस फेऱ्यांचा हिशेब

नमस्कार, श्रोतेहो.

१ जून १९५४. ब्रुसेल्सच्या मैदानावर चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने १०,००० मीटर अंतर २८ मिनिटे ५४.२ सेकंदांत पार केलं. २९ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला पुरुष. त्या दिवसाला सत्तर वर्षं पुरी व्हायला एकच आठवडा राहिला असताना, २५ मे २०२४ रोजी अमेरिकेतल्या युजीन इथे केनियाच्या बिॲट्रिस चेबेटने तेच अंतर २८ मिनिटे ५४.१४ सेकंदांत कापलं. २९ मिनिटांच्या आत येणारी ती पहिली स्त्री. गंमत पुढेच आहे. ५ जुलै २०२५ रोजी त्याच युजीनमध्ये तिने ५,००० मीटरचा विक्रम १३ मिनिटे ५८.०६ सेकंदांवर नेला. आणि पुरुषांमध्ये १४ मिनिटांची भिंत सर्वांत आधी ओलांडणाऱ्या स्वीडनच्या गुंडर हेगची १९४२ मधली वेळ होती १३ मिनिटे ५८.२ सेकंद.

हातातल्या घड्याळावर घेतलेली वेळ वरच्या दशांशात धरायची, असा नियम आहे. तो लावला तर झाटोपेक आणि चेबेट यांची वेळ तंतोतंत एकच ठरते. निव्वळ योगायोग, पण बोलका. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ५,००० आणि १०,००० मीटर शर्यती १९१२ पासून आहेत. स्त्रियांना १०,००० मीटर मिळाली १९८८ मध्ये आणि ५,००० मीटर १९९६ मध्ये. सत्तर-ऐंशी वर्षांचं अंतर कुठून आलं, याचं निम्मं उत्तर या तारखांतच आहे.

आज या शर्यतींच्या आत जरा डोकावू. दूरचित्रवाणीवर १०,००० मीटरची शर्यत लागली की चौथ्या-पाचव्या फेरीनंतर कॅमेरा उंच उडीकडे वळतो आणि थेट शेवटच्या दोन फेऱ्यांना परततो. माझी ही जुनी तक्रार आहे. विक्रम होतो तो नेमका त्या न दाखवलेल्या फेऱ्यांमध्ये. आणि तो होतो मुख्यतः काटकसरीने.

आधी मैदान पाहू. ट्रॅकची एक फेरी ४०० मीटरची, पण हे ४०० मीटर मोजतात कुठे? पहिल्या लेनच्या आतल्या बाजूला सुमारे पाच सेंटिमीटर उंचीची कड बसवलेली असते. त्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर एक काल्पनिक रेषा धरतात आणि तिच्यावर ४०० मीटर मोजतात. धावपटू कडेला अगदी खेटून पळू शकत नाही, पाय अडकेल, म्हणून एवढी जागा सोडलेली. आता समजा एखादा धावपटू या रेषेच्याही ३० सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक फूट, बाहेरून पळतोय. सरळ पट्ट्यावर त्याचं काहीच बिघडत नाही. वळणांवर मात्र प्रत्येक फेरीत त्याला १ मीटर ८८ सेंटिमीटर जास्त पळावं लागतं. पंचवीस फेऱ्यांचे झाले ४७ मीटर. विश्वविक्रमाच्या वेगाने ४७ मीटर म्हणजे जवळपास साडेसात सेकंद.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेने २००५ मध्ये ब्रुसेल्सला २६ मिनिटे १७.५३ सेकंदांचा विक्रम केला आणि तो मोडायला पंधरा वर्षं लागली. ७ ऑक्टोबर २०२० रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईने २६ मिनिटे ११.०० सेकंदांची नोंद केली. दोघांत फरक साडेसहा सेकंदांचा. पंधरा वर्षांची सगळी प्रगती एक फूट बाहेरून पळण्यात गमावता येते!

संपूर्ण शर्यत कुणी दुसऱ्या लेनमधून पळाला तर दर फेरीला सुमारे सात मीटर, म्हणजे पंचवीस फेऱ्यांना १७६ मीटर जास्त पडतात. म्हणून जाणता धावपटू वळणावर सहसा कुणाला ओलांडत नाही, वळण संपून सरळ पट्टा लागेपर्यंत थांबतो. पण नुसतं आत राहणंही धोक्याचं. समोर एक, बाजूला दुसरा, मागे तिसरा, अशी कोंडी होते आणि पुढच्यांनी वेग वाढवला की बाहेर पडायला वाट नसते. शिवाय पाय एकमेकांत अडकतात. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फिनलंडचा लासे विरेन १०,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत बाराव्या फेरीत पडला, उठला, आणि २७ मिनिटे ३८.४ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकला. उठल्यावर त्याने घाईघाईने भरपाई केली नाही, दीडशे-दोनशे मीटरमध्ये हळूहळू घोळका गाठला. २०१६ मध्ये रिओला ब्रिटनचा मो फराह दहाव्या फेरीत पडला, त्यानेही सुवर्णपदक सोडलं नाही.

आता वेगाकडे येऊ. २६ मिनिटे ११ सेकंदांना २५ ने भागा. एका फेरीला ६२.८४ सेकंद. व्यायाम म्हणून धावणाऱ्या बहुतेकांना जीव खाऊन पळाल्यावर अशी एक फेरीही जमणार नाही. इथे त्या पंचवीस आहेत, मध्ये श्वास घ्यायला उसंत नाही. व्हॅलेन्सियातल्या त्या रात्री चेप्टेगेईचं पहिलं अर्धं अंतर सुमारे १३ मिनिटे ८ सेकंदांत झालं आणि दुसरं अर्धं त्याहून चारेक सेकंद लवकर. त्याच वर्षी १४ ऑगस्टला मोनॅकोत त्याने ५,००० मीटरचा १२ मिनिटे ३५.३६ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा प्रत्येक किलोमीटर अडीच मिनिटांच्या आसपास, दोनेक सेकंदांच्या पट्टीत बसला होता. शेवटचा किलोमीटर सर्वांत वेगवान.

एवढी समान फेरी का हवी? स्नायूंना ऑक्सिजन पुरतोय तोवर शरीर बराच काळ तग धरतं. त्या मर्यादेपलीकडे वेग गेला की ऊर्जेचा काही भाग ऑक्सिजनशिवाय बनू लागतो, स्नायूंत आम्लता साठते आणि ती निवळायला वेग कमी करावा लागतो. म्हणजे सुरुवातीला कमावलेले दोन सेकंद शेवटी व्याजासकट परत जातात. कर्ज काढायचंच असेल तर ते शेवटच्या फेरीत काढावं, फेडायची वेळच येत नाही.

हा समान वेग राखायला पेसमेकर, म्हणजे पुढे पळून वेग ठरवून देणारे धावपटू, असतात. ते सुरुवातीपासून शर्यतीत उतरलेलेच असावे लागतात. मधूनच ताज्या दमाचा माणूस आत सोडता येत नाही, आणि एक फेरी मागे पडलेल्याने पुढच्याला वेग दाखवणंही नियमबाह्य आहे. पेसमेकरचं काम दुहेरी. वेग ठरवायचा आणि वारा अंगावर घ्यायचा. ताशी २३ किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्याला हवा शांत असली तरी तेवढाच वारा तोंडावर लागतो. मागे मीटरभर अंतरावर राहिलं की तो बराच अडतो. इथे बिघडतं ते असं: पेसमेकर उत्साहात पहिली फेरी दीड-दोन सेकंद लवकर मारतो, मग चूक लक्षात येऊन एकदम मंदावतो, आणि मागची सगळी रांग आखडते. झटक्यांनी पळणं सारख्या वेगापेक्षा महाग पडतं.

गेल्या काही वर्षांत यावर उपाय आला तो आतल्या कडेवर बसवलेल्या दिव्यांचा. ठरवलेल्या वेगाने प्रकाशाचा ठिपका ट्रॅकभर पुढे सरकत राहतो. मोनॅको आणि व्हॅलेन्सिया, दोन्ही ठिकाणी हे दिवे होते. यावर नाराजी बरीच झाली, दिवा पळतो की माणूस, असं विचारलं गेलं. माझं मत असं की दिव्याला फुप्फुसं नसतात. तो पेसमेकरची चूक टाळतो, वारा अडवत नाही आणि शेवटचे दोन-तीन हजार मीटर धावपटूला एकट्यालाच काढावे लागतात. पण बेकेलेच्या वेळेशी तुलना करताना दिव्यांचा उल्लेख न करणंही प्रामाणिकपणाचं नाही.

बुटांचंही तेच. हलका, उसळणारा फोम आणि त्यात बसवलेली ताठ पट्टी असलेले स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, आले आणि वेळा खाली आल्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवरच्या सगळ्या शर्यतींसाठी तळव्याची जाडी २० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. त्याआधी ८०० मीटर आणि त्यापुढे २५ चालत असे. चेबेटचा ५,००० मीटरचा विक्रम या नव्या, कडक मर्यादेतला आहे.

हवामान हा पुढचा मुद्दा. लांब अंतराच्या विक्रमाला वाऱ्याची कमाल मर्यादा नाही. वाऱ्याचं मोजमाप २०० मीटरपर्यंतच्या शर्यतींनाच लागतं. कारण गोल फिरताना वारा अर्धा वेळ पाठीवर आणि अर्धा वेळ तोंडावर येतो. मात्र हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तोंडावरच्या वाऱ्याने जेवढं जातं तेवढं पाठीवरचा परत देत नाही. वाऱ्यात फायदा कुणाचाच नसतो. म्हणून विक्रमाचे प्रयत्न थंड, निवांत संध्याकाळी ठरवतात. उंचीचा फटका तर १९६८ च्या मेक्सिको सिटीने दाखवून दिला. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर. १०,००० मीटर जिंकलेल्या केनियाच्या नफताली टेमूची वेळ होती २९ मिनिटे २७.४ सेकंद, आणि तेव्हाचा विश्वविक्रम होता ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कचा २७ मिनिटे ३९.४. विक्रमवीर क्लार्क सहावा आला आणि शर्यत संपताच कोसळला.

इथे एक फरक सांगायलाच हवा. विक्रमाची शर्यत आणि पदकाची शर्यत हे जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत. २०१२ मध्ये लंडनला मो फराहने ५,००० मीटरचं सुवर्ण १३ मिनिटे ४१.६६ सेकंदांत जिंकलं, विश्वविक्रमापेक्षा एक मिनिटाहून जास्त वेळ घेऊन. पदकाच्या शर्यतीत पेसमेकर नसतो, पुढे राहून वारा कुणाला खायचा नसतो. सगळे एकमेकांकडे बघत रेंगाळतात, आणि मग फराह शेवटची फेरी ५३ सेकंदांच्या आत मारतो. त्याच्या नावावर ५,००० किंवा १०,००० चा विश्वविक्रम कधीच नव्हता. होता तो एका तासाच्या धावण्याचा: ४ सप्टेंबर २०२० रोजी ब्रुसेल्सला २१,३३० मीटर. या प्रकारात तास संपताना बंदूक वाजते आणि त्या क्षणी प्रत्येकाचं पाऊल जिथे पडलं तिथे खूण करून अंतर मोजतात. त्याच शर्यतीत बेल्जियमच्या बशीर अब्दीने वाटेत २०,००० मीटरचा विक्रम केला. असा वाटेतला विक्रम मान्य होण्यासाठी ठरलेली शर्यत पूर्ण करावी लागते.

तुमच्यापैकी कुणी स्वतः ट्रॅकवर १०,००० मीटर धावणार असाल, तर फेरीची वेळ आधी काढून ठेवा. ५० मिनिटांसाठी फेरी दोन मिनिटांची. ४० मिनिटांसाठी ९६ सेकंदांची, म्हणजे २०० मीटरला ४८. पहिल्या २०० मीटरला घड्याळ पाहा, तिथे ४४ दिसले तर लगेच आवरा. फेरी संपेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. उपग्रहावर चालणाऱ्या घड्याळाच्या अंतरावर विसंबू नका. वळणांवर ते चुकतं आणि काही फेऱ्यांत शंभर-दीडशे मीटरचा घोळ सहज होतो. रेषेवर आलं की फेरीचं बटण हाताने दाबा. सरावात एक किलोमीटरच्या पाच-सहा धावा ५,००० मीटरच्या वेगाने, मध्ये ४०० मीटर संथ पळत. शेवटची धाव पहिलीइतक्याच वेळात झाली तर वेग बरोबर होता, मागे पडली तर पहिली जोरात गेली. स्पाइक्स नवीन असतील तर आधी शंभर मीटरच्या चार-सहा धावा, मग दोन-तीन आठवड्यांनी पुरा सराव. टाच खाली असल्याने पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण येतो. सतत डावीकडेच वळल्याने दोन्ही पायांवर सारखा भार येत नाही, म्हणून मैदान रिकामं असेल तेव्हा संथ धाव उलट दिशेने करावी.

आणि फेऱ्या मोजायला दुसरं माणूस ठेवा. अठराव्या फेरीला स्वतःचा आकडा स्वतःला खरा वाटत नाही. मोठ्या स्पर्धांतही शेवटची घंटा पुढच्या धावपटूसाठी वाजते आणि एक फेरी मागे असलेला ती आपलीच समजून सगळा जोर लावून टाकतो. रेषेवर थांबल्यावर पंच त्याला हाताने खूण करतो: अजून ४०० मीटर.