अंगावरचं वस्त्र नेलं म्हणून 2600 वर्षांपूर्वी केलेली तक्रार

नमस्कार मंडळी! आज एका खापराच्या तुकड्याबद्दल बोलायचंय. 1960 मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावर, यावने-यामजवळच्या मेसाद हशाव्याहू नावाच्या छोट्या किल्ल्यात तो सापडला, त्यावर शाईने लिहिलेल्या हिब्रूच्या थोड्याच ओळी आहेत आणि त्या कुठल्या राजाच्या नाहीत, शेतात कापणी करणाऱ्या एका मजुराच्या आहेत. इसवीसनपूर्व सातवं शतक. तो तिथल्या अधिकाऱ्याला सांगतोय की मालक, माझं ऐका, मी माझी कापणी पुरी केली, धान्य भरून ठेवलं, तरी शोबायच्या मुलाने, त्या होशायाहूने माझं वस्त्र नेलं, माझ्यासोबत उन्हात राबणारे सगळे साक्ष देतील, माझा काही दोष नाही, मला ते परत मिळवून द्या. बहुतेक कुणा लेखनिकाकडून लिहून घेतलं असेल, पण बोलणं त्याचंच वाटतं, कारण वस्त्र नेलं, वस्त्र नेलं हेच पुन्हा पुन्हा येतं.

आता एका कपड्यासाठी एवढं का? कारण गरिबाला दिवसा अंगावर घ्यायला आणि रात्री पांघरायला तेच एक असायचं. बायबलमध्ये निर्गम नावाच्या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात सरळ सांगितलंय की शेजाऱ्याचं वस्त्र गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे, नाहीतर तो झोपेल कशात? बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात तर अजून बारकाईने आहे, जातं गहाण घ्यायचं नाही, मजुरी त्याच दिवशी द्यायची मग मजूर आपला असो की परका, आणि गहाण वस्तू घ्यायला आलेल्याने घरात शिरायचं नाही, बाहेर उभं राहायचं. मला हे बाहेर उभं राहणं फार मोठं वाटतं. कर्ज काढलं म्हणून माणूस आपल्या घराच्या उंबरठ्यावरचा हक्क गमावत नाही.

हे सगळे पाळत होते का? नाही. बायबलमधला आमोस संदेष्टा तर या मजुराच्याही आधी संतापून सांगून गेला की गहाणाच्या कपड्यांवर लोक वेदीपाशी लोळतायत. आणि हेही बोललंच पाहिजे, बायबलच्याच लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात परक्यांना कायमचं गुलाम ठेवायची परवानगी आहे, त्यामुळे मानवी हक्क थेट बायबलमधूनच आले असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. खापरावरचा मजूरसुद्धा कुठल्या ग्रंथाचा दाखला देत नाही. पण आपली तक्रार ऐकून घेणं हे अधिकाऱ्याचं काम आहे, हे तो गृहीत धरतो! संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम 8 हेच सांगतं, हक्क मोडला तर दाद मागायची सोय हवी.

आज वस्त्राऐवजी पासपोर्ट काढून घेतात. कामगाराची ओळखपत्रं मालकाने स्वतःकडे ठेवणं, ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटना वेठबिगारीची एक खूण मानते. कोकणातून आखातात गेलेलं तुमच्या घरचं कुणी असेल आणि पासपोर्ट मालकाकडे अडकला असेल, तर गप्प बसू नका, भारतीय दूतावासात जा किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाका, घरच्यांनाही ती टाकता येते.