वर्गणीची वही

(शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि शिक्षक यांच्या तालुका मेळाव्यात एका निवृत्त केंद्रप्रमुखांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नोकरीची शेवटची नऊ वर्षं मी केंद्रप्रमुख होतो. माझ्याकडे जिल्हा परिषदेच्या अकरा शाळा होत्या. शाळाभेटीला गेलो की हजेरी पाहायची, पोषण आहाराची नोंद पाहायची, वर्गात बसून मुलांना वाचायला लावायचं, आणि निघताना एक जाड वही मागायची. लोकसहभागाची वही. कुणी काय दिलं, रोख की वस्तू, कुठल्या तारखेला. २०१५ च्या जूनमध्ये राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि या वहीला फार महत्त्व आलं. शाळा डिजिटल करायची तर गावाने उभं राहायला हवं, असं वातावरण होतं, आणि गावं उभी राहिलीही. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्यासारख्या छोट्या पाड्यावरची शाळा डिजिटल झाली. ती पाहायला शिक्षकांच्या गाड्या जात होत्या, मीही गेलो होतो. त्या दिवसांतला उत्साह खरा होता.

आज मी त्या वहीबद्दलच बोलणार आहे.

माझ्या केंद्रात एक शाळा मोठ्या रस्त्याला लागून होती आणि एक वरच्या अंगाला, घाटाच्या बाजूच्या वस्तीवर. दोघींत अंतर चौदा किलोमीटर. खालच्या शाळेची वही एका वर्षात भरली. संरक्षक भिंत, पाणी शुद्ध करायचं यंत्र, दोन वर्गांत प्रोजेक्टर, बाकं, रंगरंगोटी, इंग्रजी शिकवायला गावाने मानधनावर ठेवलेल्या एक ताई. वरच्या शाळेच्या वहीत दोन वर्षांत एकच ओळ होती: गणेश मंडळाकडून ५०१ रुपये, फळ्याच्या रंगासाठी.

आढावा बैठकीत दोन्ही मुख्याध्यापकांना शेजारी बसवलं जायचं. खालच्या गुरुजींचं अभिनंदन व्हायचं, वरच्या गुरुजींना विचारलं जायचं, ‘तुमचा लोकसहभाग कमी का?’ ते मान खाली घालायचे. आणि मी, त्यांचा केंद्रप्रमुख, गप्प बसायचो. पुढे बदल्या झाल्या. खालच्या शाळेतले, ज्यांचं सगळीकडे नाव झालं होतं, ते गुरुजी वरच्या वस्तीवर आले. माणूस तोच, कष्ट तेवढेच, शिकवणं तेवढंच जीव ओतून. वही मात्र कोरीच राहिली. तेव्हा मला जे कळलं, ते आधीच कळायला हवं होतं.

वस्तीला शाळेबद्दल आस्था नव्हती असं कुणी म्हणेल तर मी ते मान्य करणार नाही. पावसाळ्यात पडवीची भिंत खचली तेव्हा सहा बापांनी दोन दिवस खाडा करून ती बांधली. खाडा म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. वहीत त्याची नोंद नव्हती, कारण रकाना रुपयांचा होता. मी नंतर श्रमदानाचा रकाना घालायला लावला. पण मंडळी, श्रमदानाचं कौतुक करून आपल्याला सुटता येणार नाही. श्रमदानातून विजेचं बिल भरता येत नाही. बिल थकलं की वीज तुटते, आणि वीज नसलेल्या शाळेत प्रोजेक्टर म्हणजे कपाटातली पेटी.

फरक येतो कुठून, ते पाहू. शिक्षकांची वेतनश्रेणी दोन्हीकडे सारखी, पुस्तकं सारखी, खिचडीचं प्रमाण सारखं. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. खडू, दुरुस्ती, स्वच्छता सगळं त्यातच. छप्पर गळायला लागलं तर पट किती हे बघून गळत नाही, पण नियमात ते बसत नाही. म्हणजे सरकारी पैशांतच लहान शाळेची ओढाताण आहे, आणि त्यावर गावाचा पैसा येतो. गावाचा पैसा जमिनीच्या भावाबरोबर चालतो. रस्त्यालगत जमिनीला भाव आला, कारखाने आले, खोल्या भाड्याने गेल्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामासाठी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. आणि त्याच कलमात लिहिलंय की कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं. हेतू चांगला आहे, ज्याच्या अंगणात धूर त्याला आधी मदत. पण घाटावर कारखाना नाही, म्हणून कारखान्याचा निधीही नाही.

पुणे जिल्हा घ्या. तेरा तालुके, एकच जिल्हा परिषद. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा तुम्हाला माहीत आहे. लोकांनी जमीन दिली, पैसा दिला, वेळ दिला, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षा यादी लागली. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा बंद पडायच्या वाटेवर होती, ती २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार घेऊन आली. या दोन्ही गावांपुढे आणि तिथल्या शिक्षकांपुढे मी हात जोडतो. शेजारी कारखाने असलेली गावं पुष्कळ आहेत, सगळ्यांनी हे केलेलं नाही. पण त्याच जिल्ह्यात राजगड म्हणजे जुना वेल्हे तालुका आहे, मुळशी आणि भोरचा पश्चिम भाग आहे, आंबेगावचा भीमाशंकरकडचा पट्टा आहे. तिथे महादेव कोळी, कातकरी, धनगर वस्त्यांवर पाच-दहा मुलांच्या शाळा आहेत. वाबळेवाडीचं उदाहरण देऊन या वस्त्यांना ‘तुम्हीही करा’ असं सांगणं मला आता जमत नाही.

थोडं मागे जातो, कारण हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ घेतला जाऊ लागला. त्यातला काही हिस्सा शाळांसाठी होता. म्हणजे साऱ्या जिल्ह्याच्या शेतकऱ्यांचा पैसा एका थैलीत. ही कल्पना मोठी होती. पण त्या थैलीतून कुणाच्या मुलांना काय मिळतं, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवला. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी त्या निवेदनात स्वच्छ लिहिलं. पुढे १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा त्याची जबाबदारी संस्थानाने घेतली. ज्या गावाची ऐपत आहे त्याचीच शाळा, असा हिशेब त्यांनी ठेवला नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. जिल्हा हा घटक मुद्दाम निवडलेला आहे: बागायती गावाचा आणि डोंगरातल्या वाडीचा हिशेब एकत्र व्हावा म्हणून. आपण लोकवर्गणीवर जेवढे विसंबतो, तेवढा तो हिशेब पुन्हा गावागावांत फुटतो. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच, बाकीचं त्याच्या भोवतीचं आहे.

आता पालकांच्या सहभागाची दुसरी, अवघड बाजू. ती बोलायला मला संकोच वाटतो, कारण समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरची ही गोष्ट आहे. सकाळी सात वाजता गावात पिवळी गाडी येते आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी मुलं घेऊन जाते. ज्या आईबापांनी समितीत बसून प्रश्न विचारले असते, ते आईबाप त्या गाडीबरोबर जातात. पट घटतो. पटावर शिक्षकांची पदं ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. दोन शिक्षक आणि पाच वर्ग, त्यातला एक मतदार यादीच्या कामावर नाहीतर प्रशिक्षणाला. राहिलेल्या एकाकडे पाचही वर्ग. मग उरलेले पालकही म्हणतात, इथे शिकवत नाहीत. पट विसाच्या खाली गेला की शाळेचं नाव समायोजनाच्या, म्हणजे ती जवळच्या शाळेत मिळवून टाकायच्या, चर्चेत येतं, आणि राज्यात अशा १४ हजारांहून अधिक शाळा आहेत. मी कुणाला दोष देत नाही. आपल्या मुलाचं भलं पाहणं हे पालकाचं कामच आहे. पण प्रत्येक घराने घेतलेल्या शहाण्या निर्णयातून मागे राहिलेल्या पोरांच्या वाट्याला काय येतं, ते मी नऊ वर्षं पाहिलं.

कायद्याने पालकांना काही दिलं आहे, ते आपण वापरत नाही. २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा. आता सांगा, बैठक सकाळी अकराला ठेवली तर मजूर आई येणार कशी? तिच्या नावापुढे सही किंवा अंगठा असतो, तो दुसऱ्या दिवशी घरी जाऊन घेतलेला असतो. हे माझ्याही केंद्रात होत होतं आणि मी ते चालू दिलं. आराखड्यात काय मागायचं हे मुख्याध्यापक ठरवत, कारण वेळ त्यांच्याकडेच होता. मग प्रत्येक आराखड्यात तेच: संगणक, भिंत, रंग.

दूरच्या देशातलं एक उदाहरण सांगतो. आपली कितीतरी मराठी मुलं-सुना तिकडे शाळेच्या पालक संघात काम करतात, त्यांना हे ठाऊक असेल. अमेरिकेत पोर्टलंड शहरातल्या सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षं एक नियम होता: पालकांनी शिक्षक नेमण्यासाठी पैसे उभारले तर पहिले १० हजार डॉलर त्या शाळेचे, त्यावरच्या रकमेतला एक तृतीयांश सामाईक निधीत, तिथून गरजू शाळांना. कॅलिफोर्नियात सांता मोनिका आणि मालिबू ही दोन गावं एकाच शालेय जिल्ह्यात, म्हणजे एकाच शाळा मंडळाखाली, आहेत. २०११ साली तिथल्या मंडळाने ठरवलं की शिक्षक-कर्मचाऱ्यांसाठीचा निधी शाळाशाळांनी वेगळा न उभारता जिल्ह्याने एकत्र उभारायचा. मालिबूच्या पालकांनी कडाडून विरोध केला, वेगळ्या शालेय जिल्ह्याची मागणी धरून ठेवली. म्हणजे थैली एकत्र करणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. देणाऱ्याला आपलं दिलेलं डोळ्यांपुढे दिसायला हवं असतं.

म्हणून मी जिल्ह्याची नाही, केंद्राची थैली सुचवतो. दहा-बारा शाळा, सगळे एकमेकांना ओळखणारे. वस्तू आणि बांधकाम ज्या गावचं त्या गावाला राहू दे. पण ठरावीक मर्यादेवरच्या रोख देणगीतला चौथा हिस्सा केंद्राच्या खात्यात यावा, आणि तो कुठे जाईल हे समित्यांच्या अध्यक्षांनी एकत्र बसून ठरवावं. कंपनीचा माणूस आला तर त्याला रस्त्यावरची शाळा दाखवण्याआधी केंद्राची यादी दाखवावी. आणि सरकारने शाळा अनुदानाचा सर्वांत खालचा टप्पा वाढवावा. ती मागणी खालच्या, भरल्या वहीच्या गावांनी केली पाहिजे, कारण ऐकलं त्यांचंच जातं.

हे मी पोकळ बोलत नाही. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं मी खालच्या समितीला टेंपोत बसवून वर घेऊन गेलो. पहिल्या वर्षी चुकलं. त्यांनी नवा प्रोजेक्टर घेतला आणि जुना वर पाठवला. वरच्या गुरुजींनी आभार मानले, मला वाईट वाटलं. दुसऱ्या वर्षी खालच्या समितीतल्या एक बाई, गावात सगळे त्यांना काकू म्हणत, वस्तीतल्या बायकांजवळ ओट्यावर बसल्या आणि विचारलं, ‘तुम्हाला काय पाहिजे?’ बराच वेळ कुणी बोलेना. मग एक आई बोलली. दिवाळी झाली की आम्ही वीटभट्टीवर जातो. हंगामी वसतिगृह मंजूर होतं, समितीच ते चालवते, पण मंजुरी येईपर्यंत आम्ही निघालेलो असतो. आजीकडे पोर ठेवलं तर आजी त्याला खायला काय घालणार? मधले पाच-सहा आठवडे कुणी जेवायचं बघितलं तर पोरं इथंच राहतील.

कुठल्याही विकास आराखड्यात ही ओळ मी वाचली नव्हती. काकूंनी खाली जाऊन सांगितलं. तांदूळ, डाळ, तेल आणि स्वयंपाक करणाऱ्या दोन बायकांचं मानधन, असा खर्च झाला. नव्या प्रोजेक्टरपेक्षा कमी. वस्तीवरच्या १९ मुलांपैकी १३ त्या हिवाळ्यात मागे राहिली. सहा तरीही गेली, त्यातल्या दोघांना पुढच्या जूनमध्ये पुन्हा अक्षरांपासून सुरुवात करावी लागली.

खर्चाचा हिशेब लिहायची वेळ आली तेव्हा ती नोंद कुणाच्या वहीत करायची, यावर दोन्ही मुख्याध्यापकांचं एकमत होईना. पैसा खालचा, मुलं वरची. मी त्यांना दोन्ही वह्यांत लिहायला सांगितली.