काचेची डिकी

[नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली एक शेड. लाल पोर्शे ९४४, मागची डिकी उघडी.]

डिकी उघडून मिस्त्री काचेच्या कडेखाली अंगठा ठेवतात आणि हलकं वर दाबतात. कर्र असा बारीक आवाज येतो. काच आणि तिच्याखालची चौकट यांच्यात फट उघडते. एका कोपऱ्यात तर जुनं व्हिजिटिंग कार्ड आरपार सरकतं.

ही पोर्शे ९४४. हे मॉडेल १९८२ मध्ये विक्रीला आलं. तिची थोरली बहीण ९२४, ती १९७६ची. ९२४ मुळात फोक्सवॅगनसाठी आखली गेली होती. पुढे पोर्शेनं ती स्वतःच्या नावानं आणली आणि तिची जुळणी नेकार्सुल्मच्या ऑडी कारखान्यात होऊ लागली. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन दोन्हीकडे जवळपास सारखं. आणि मागे ही भली मोठी, दोन्ही अंगांनी वळलेली काच. ९२४पासून १९९५पर्यंत बनलेल्या ९६८पर्यंत या घराण्यानं ती सोडली नाही. आम्हाला विचाराल तर या गाडीचं सगळं देखणेपण या काचेत आहे. म्हणून तिच्या जागी अ‍ॅक्रिलिकची शीट बसवण्याचा सल्ला ऐकला की वाईट वाटतं.

बहुतेक गाड्यांत डिकी पत्र्याची असते आणि काच त्यात बसवलेली असते. इथे काच हीच डिकी आहे. खाली अ‍ॅल्युमिनियमची हलकी चौकट, तिच्यावर चिकट मसाल्याच्या पट्टीनं काच चिकटवलेली. बिजागऱ्या, शॉकअप म्हणजे डिकी वर धरणारे गॅसचे रॉड, लॉकच्या पिना, सगळं त्या चौकटीला जोडलेलं. म्हणजे डिकी उघडताना आणि मिटताना सगळा जोर अखेर त्या चिकटपट्टीवर येतो.

उन्हात अ‍ॅल्युमिनियम काचेच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. नाशिकला जानेवारीची पहाट दहा अंशांच्या खाली जाते आणि मे महिन्याची दुपार चाळिशीला टेकते. अशी कित्येक वर्षं त्या पट्टीनं ही ओढाताण सोसलेली असते. पण मिस्त्रींच्या मते खरं दुखणं शॉकअपचं आहे. डिकी बंद असली तरी दोन्ही बाजूंचे गॅसचे रॉड चौकटीला वर ढकलतच असतात. त्यात एक रॉड मेला आणि दुसरा जिवंत राहिला, की चौकटीला पीळ बसतो. लॉकची एक पिन आधी अडकते, दुसरी अडकत नाही, मग मालक त्या कोपऱ्यावर तळहात मारून डिकी बसवतो. काच वाकत नाही, चौकट वाकते, आणि मधली पट्टी सुटते.

सुटली की पावसाचं पाणी सामानाच्या जागेत उतरतं, स्टेपनीच्या खळग्यात साचतं, कार्पेट कुजतं. त्याहून गंभीर गोष्ट धुराची. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर त्या फटीतून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कसारा घाट चढताना डोकं जड होत असेल, तर आधी डिकी तपासायला हवी.

[काम सुरू. पोऱ्या सिलिकॉनची ट्यूब घेऊन उभा.]

“मामा, फटीत सिलिकॉन भरून देऊ का?”

“नको रे. ते पाणी अडवेल, काच धरणार नाही. आणि एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागेवर दुसरं काही चिकटत नाही.”

मिस्त्री बरोबर सांगतात. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि धातू खातं.

आधी डिकीला खालून लाकडाचा टेकू दिला जातो, मगच शॉकअप सुटतात. काचेवरची वाफ घालवणाऱ्या डिफॉगरच्या वायरी, वायपरची मोटर, मागचा स्पॉयलर, सगळं उतरतं. मग दोघं दोन बाजूंनी पातळ पोलादी तार धरून जुनी पट्टी करवतीसारखी कापत जातात. या कामात घाई चालत नाही. पुढची काच लॅमिनेटेड असते, पण ही मागची टफन काच. मधोमध बुक्की सोसेल, पण कडेला पान्हा लागला तर एका क्षणात तिचा चुरा होतो.

चौकटीवरची पांढरी पावडर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज. तो पॉलिश पेपरनं निघतो आणि त्यावर प्रायमर लागतो. काचेच्या कडेला काळा प्रायमर, कारण ऊन काचेतून आत जाऊन चिकटपट्टीला पोहोचतं आणि तिला ठिसूळ करतं. आतल्या बाजूला डिफॉगरच्या बारीक रेघा आहेत. फडकं त्या रेघांच्या दिशेनंच फिरतं, आडवं नाही.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. रिकामी चौकट टेबलावर नाही, गाडीवर बसवायची. बिजागऱ्या लावायच्या, दोन्ही पिना लॉकमध्ये अडकवायच्या, शॉकअप मात्र लावायचे नाहीत. गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी हवी, जॅकवर नको. अशा वेळी चौकट गाडीच्या अंगाला जुळते, आणि त्याच आकारात काच चिकटते. टेबलावर चिकटवलेली डिकी दिसायला सुबक, पण गाडीवर नेली की एक कोपरा उचललेला राहतो. मग तो दाबून बसवला, की जुनं दुखणं पुन्हा सुरू.

नवी पट्टी पीयूची, म्हणजे पुढची काच चिकटवायला वापरतात त्या पॉलियुरेथेनच्या मसाल्याची; तो सगळ्या काचवाल्यांकडे मिळतो. नोझलला इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पाडली की सोऱ्यातून चकली पडावी तसा तिकोनी, सलग पट्टा पडतो. जोड येऊ द्यायचा नाही. मध्ये रबराचे छोटे ठोकळे ठेवले, म्हणजे काचेच्या वजनानं सगळा पीयू बाहेर दाबला जात नाही. सक्शन कपांनी काच अलगद खाली येते, मास्किंग टेपनं धरली जाते. हे काम सकाळीच होतं, कारण दुपारच्या उन्हात पीयूवर लगेच साय धरते.

पीयू उन्हानं सुकत नाही, हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो. नाशिकचा मे कोरडा, त्यातून काच आणि धातू यांच्यामध्ये हवा फक्त कडेनं शिरते. म्हणून मिस्त्री फरशीवर पाणी मारतात आणि गाडीला काही दिवस हात लावू देत नाहीत. या थांबण्याबद्दल मालकांनी कुरकुर करू नये.

[पाइपनं पाण्याचा मारा. आत टॉर्च घेऊन पोऱ्या आडवा.]

“थेंब नाही, मामा!”

आता नवे शॉकअप, तेही जोडीनं. रॉडवर न्यूटनमध्ये जोर छापलेला असतो. तो या डिकीसाठी सांगितलेलाच हवा, जास्त ताकदीचा नको. मग पिनांची उंची जुळवायची, दोन्ही लॉकचा ‘टक्’ एकदम येईपर्यंत. मिस्त्री मालकाला शिकवतात: बंद करताना एक खिडकी खाली ठेवा, म्हणजे आतली हवा डिकीला अडवत नाही, आणि हात नेहमी स्पॉयलरच्या मधोमध.