आमच्या ओसरीवर उतरलेली माणसं

नमस्कार श्रोतेहो.

माझं गाव वैनगंगेच्या काठावर, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून अर्ध्या तासाच्या रस्त्यावर आहे. गावचं नाटक ज्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, होतं ती आमच्या परसाला लागून आहे. त्यामुळे गेली बावीस वर्षं नाटकाची मंडळी आमच्याच घरी उतरतात. हातपाय धुणं, जेवण, कपडे बदलणं, दोन प्रवेशांच्या मधे घडीभर पाठ टेकणं, सगळं आमच्या ओसरीवर आणि माजघरात चालतं. टीव्हीतल्या, सिनेमातल्या माणसांना मी मंचावर फारसं पाहिलेलं नाही, कारण नाटक चालू असतं तेव्हा मी चुलीपाशी असते. मी त्यांना पाहिलं ते गंगाळातल्या गरम पाण्यात पाय सोडून बसलेलं. "भेटल्यावर कसे असतात हो ते?" हा प्रश्न मला बाजारात, लग्नात, बचत गटाच्या बैठकीत, सगळीकडे विचारतात. तिथे उभ्या उभ्या काय सांगणार? आज बसून सांगते.

झाडीपट्टीबाहेरच्या श्रोत्यांना आधी थोडी कल्पना देते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतला धानाचा मुलूख म्हणजे आमची झाडीपट्टी. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते, मग गावोगाव शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. हा हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंच उभा राहतो, भोवती कनात लागते. पाहुणे आठ दिवस आधीपासून यायला लागतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि लोक उठतात ते पहाटेच. या सगळ्याचं ठाणं म्हणजे वडसा. नाट्यमंडळांची कार्यालयं तिथे आहेत, नाटकं तिथे ठरतात, आणि तिथूनच गाड्या भरून कलाकार गावोगाव निघतात.

आमचे इथले कलाकार आम्हाला भेटतात त्याला 'भेटणं' म्हणत नाहीत, इतके ते घरचे आहेत. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी घरांत आपल्याच माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला. हजारो प्रयोग करून रात्र रात्र लोकांना हसवणारा हा माणूस शेतीही करतो. इथल्या नटाला रात्री राजाच्या पोशाखात पाहावं आणि चार दिवसांनी आठवडी बाजारात वांगी निवडताना पाहावं, हे आमच्याकडे नेहमीचं. कोणी हाक मारतं, "काय जी, परवा लय रडवलं तुमी." तोही थांबतो, कोणत्या गावचे, धान किती झालं, विचारतो. त्याच्यात आणि पाहणाऱ्यात अंतर नाही, म्हणून अपेक्षाभंगही नाही.

मुंबई-पुण्याच्या कलाकाराचं वेगळं असतं. बॅनरवर त्याचा फोटो सगळ्यांत मोठा. भोंग्याची गाडी पंधरा दिवस त्याच्या नावानं गावं पिंजून काढते. लोक तणसावर बसायची जागा दुपारपासून धरून ठेवतात. आणि तो येतो तो मुंबईहून नागपूर, नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत. अंगाचं गाठोडं झालेलं असतं. संवादाचे कागद गाडीत वाचलेले. इथे आडून संवाद सांगणारा प्रॉम्प्टर असतो म्हणून निभतं. उतरला की पहिला प्रश्न, "न्हाणीघर कुठे आहे?" त्या वेळी अंगणात दोनशे माणसं उभी असतात. त्यांच्या हातात मोबाईल, त्याच्या डोळ्यांत झोप.

आणि लोकांच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं सांगू? "अवं, हा तर बुटका हाय." दरवर्षी हेच. कोणी टीव्हीपेक्षा काळा निघतो, कोणाचे केस पिकलेले असतात, कोणी चष्मा लावून येतं. ते ऐकू येतं हो त्यांना. एका बाईच्या चेहऱ्यावर मी ते ऐकू आलेलं पाहिलं. ती गप्पकन आत आली आणि माजघरातल्या आरशात आधी पदर सारखा केला, मग पाणी मागितलं. त्या दिवसापासून अंगणात कोणी असं बोललं की मी सरळ टोकते.

आता एक दुखरी गोष्ट. माझी मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हाची. एक नामांकित नट येणार होता. मुलीनं वहीच्या मधल्या जोडपानावर त्याचं चित्र काढलं, रंगवलं, खाली सहीसाठी चौकट आखून ठेवली. गाडी दारात थांबली. काच वर होती. आतला दिवा चालू होता म्हणून तो आम्हाला दिसत होता, म्हणजे आम्हीही त्याला दिसत असणार. मुलगी वही उंच धरून काचेला लागून उभी राहिली. त्यानं मान फिरवली आणि मंडळाच्या माणसाला म्हणाला, "या लोकांना आधी बाजूला करा." घरात आला नाही, जेवला नाही, गाडीतूनच मंचामागे गेला आणि काम संपल्यावर गाडीतूनच गेला. ड्रायव्हरनं नंतर मला सांगितलं की तीन रात्री तीन गावं झाली होती आणि साहेबांच्या अंगात ताप होता. मी ते मानते. तापात माणूस काच वर ठेवील, झोपून राहील, सही नाही देणार. त्याबद्दल माझा काही राग नाही. पण 'या लोकांना' हे दोन शब्द तापाचे नव्हते. ते मी आजवर विसरले नाही आणि विसरावंसं वाटतही नाही. मुलगी आता मोठी झाली. ती वही तिच्या पेटीत आहे, चौकट रिकामीच आहे.

थकलेलं माणूस आणि तुच्छ मानणारं माणूस यांतला फरक ओसरीवर चटकन कळतो. थकलेलं माणूस बोलत नाही, पण पाणी देणाऱ्या हाताकडे एकदा पाहतं. एक जुने नट आले होते, सिनेमात पुष्कळ कामं केलेले. आले तसे भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. कोणाशी अक्षर बोलले नाहीत. वाटलं, आता हेही तसलेच. मी ताट ठेवलं, तांदळाची भाकर, वांग्याचा रस्सा, लाखोरीच्या डाळीचे वडे. दोन घास खाल्ले आणि डोळे न उघडता विचारलं, "बाई, ही डाळ कसली?" मी सांगितलं, धान निघालं की त्याच बांधीतल्या ओलीवर लाखोरी होते. मग त्यांनी डोळे उघडले. बांधी म्हणजे काय, ओल किती दिवस राहते, काढणी कधी, सगळं विचारलं. सासऱ्यांना बोलावून शेजारी बसवलं. अर्धा तास दोघं शेतीवर बोलत होते. बाहेर लोक म्हणत होते, मोठा गर्विष्ठ आहे, फोटो देत नाही. मला बाहेर जाऊन सांगावंसं वाटत होतं की तो आत आपल्याच मातीबद्दल विचारतो आहे.

पण माझ्या मनात सगळ्यांत खोल रुतून बसली ती एका मालिकेतली सून. सोसणारी, मग एके दिवशी सासूपुढे उभी राहणारी, अशी तिची भूमिका. दोन वर्षं आमच्या गल्लीतल्या बायकांनी तो भाग चुकवला नव्हता. ती रात्री आठला आली. मंचावर तिला बाराच्या सुमारास जायचं होतं, मधले तीन-चार तास झोपायचं असं ठरलेलं. तेवढ्यात शेजारच्या गावची एक बाई आली. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची गाळलेली मिळते, आणि त्या बाईचा नवरा तिच्यातच गेला. घरी सासू, दोन लेकरं. ती दारात उभी राहून त्या नटीला म्हणाली, "बाई, तुमी सासूले जसं बोलल्या ना, तसं मले एकडाव बोलून दाखवा. मी पाठ करतो."

नटी हसली नाही. तिनं तिला आत घेतलं, खाटेवर बसवलं आणि म्हणाली, "मावशी, ते माझं बोलणं नाही हो. मला लिहून देतात. माझ्या घरी मलाही कोणाला उलटून बोलता येत नाही." ती बाई पाहतच राहिली. मला वाटलं आता हिचा हिरमोड होणार. पण तिनं नटीचा हात हातात घेतला आणि स्वतःचं सगळं सांगायला लागली. आपल्या माणसांना कधी न सांगितलेलं. नटी ऐकत होती. झोपायचे ते तास तिथेच गेले. मधेच तिनं विचारलं, "तुमचं नाव काय?" बाईनं सांगितलं. मग लेकरांची नावं विचारली. प्रॉम्प्टर बोलवायला आला तेव्हा दोघींचेही डोळे ओले होते, आणि नटीच्या चेहऱ्याचा रंग पुन्हा लावावा लागला.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की ही भेट मुळातच सारखी नसते. आपण त्यांच्याबरोबर दोन दोन वर्षांच्या संध्याकाळी घालवलेल्या असतात. त्यांच्या दुःखात जेवण टाकून उठलेलो असतो. ते आपल्याला त्या क्षणी पहिल्यांदा पाहतात. आपण भरलेली घागर घेऊन गेलेलो असतो आणि त्यांच्या हातात नुकतीच उतरवलेली पिशवी असते. हे कळल्यापासून मी दोन्हीकडच्या माणसांवर पूर्वीसारखी पटकन रागावत नाही.

आपल्याकडूनही चुका होतात, आणि काही चुका नाहीत, गुन्हे आहेत. फोटोच्या गर्दीत नटींच्या अंगाला हात लावणारे हात मी पाहिले आहेत. एकदा एक मुलगी, वीस-बावीस वर्षांची असेल, मंचामागून घरापर्यंतच्या पन्नास पावलांत रडकुंडीला आली. दंडावर वळ उठलेले. आपल्याच गावातल्या कोणाचे ते हात, हा विचार करून मला त्या रात्री अन्न गेलं नाही. दुसऱ्या वर्षीपासून बचत गटाच्या आम्ही बारा जणी हातात हात घालून कडं करतो आणि बायांना त्या कड्यातून नेतो. पहिल्या वर्षी पोरं हसली. आता वाट देतात.

मोठ्या माणसाला पाहायला जाणं विदर्भाला काही नवं नाही. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, ज्याला आपण आता सेवाग्राम म्हणतो. लोकांचा ओघ कधी थांबला नाही. पण सोमवारी मौन असे, फिरायला जाण्याची वेळ ठरलेली असे आणि त्या चालण्यातच कित्येकांच्या भेटी होत. सही मागणाऱ्याकडून ते पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत टाकत. तिकडे अमरावतीकडचे गाडगेबाबा. कीर्तनाच्या आधी हातात खराटा घेऊन स्वतः गाव झाडत, आणि कोणाला पायाला हात लावू देत नसत. पाया पडू नका म्हणून ओरडत, प्रसंगी काठी उगारत. या दोघांनी आपल्याला भेटायचं कसं हे लोकांना स्पष्ट सांगून ठेवलं होतं. त्यामुळे येणारा बुचकळ्यात पडत नसे.

मीही आमच्या ओसरीला नेम घालून दिले. जेवताना फोटो नाही. एका वर्षी एका पोरानं नटाचा रस्सा ओरपतानाचा व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला होता, त्या नटाला कोणीतरी तो दाखवला, आणि पुढच्या वर्षी तो आमच्या गावाला नाही म्हणाला. दुसरा नेम, मंचावर जायच्या आधी कोणी आत यायचं नाही. तिसरा, काम झाल्यावर ओसरीवर अर्धा तास, रांगेनं, आधी म्हातारी माणसं आणि लेकरं. कलाकार आला की मी त्याला हे सांगून टाकते. बहुतेकांना बरंच वाटतं. एका विनोदी नटानं तर अर्ध्या तासाचा दीड तास केला, कारण रांगेतल्या प्रत्येकाला तो नाव विचारत होता आणि नावावरून काहीतरी गमतीचं बोलत होता. ज्यांचे फोटो हलले, धूसर आले, तेही अजून सांगतात, "त्यानं माझं नाव घेतलं."

आता मला एक कबूल करायचं आहे. गेल्या हिवाळ्यात रेडिओवर माझं बोलणं झालं होतं, पापड-कुरड्यांच्या आमच्या उद्योगाबद्दल. त्यानंतर महिन्याभरानं मी ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर उभी होते. दाढ ठणकत होती, गालाला रुमाल बांधला होता, वडशाची गाडी सुटायला आली होती. एका बाईनं मला तिकीटवाल्याशी बोलताना ऐकलं आणि धावत आली. "तुमीच ना जी त्या रेडिओवरच्या? आवाज वळखला मी." कडेवर लेकरू होतं. तिनं मला आवाजावरून ओळखलं होतं! आणि मी काय केलं, तर "हो, हो" म्हणून तिच्याकडे न पाहता गाडीत चढले. खिडकीतून मागे पाहिलं तेव्हा ती तिथेच उभी होती. तिचा चेहरा मी आधी पाहिलेला होता. आमच्या दारात, वही उंच धरलेल्या माझ्या मुलीचा.

दाढ दुखत होती हे खरं आहे. नाव विचारायला दाढ आड येत नाही, हेही खरं आहे.

ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर भेटलेल्या बाई, हिरवं लुगडं, कडेवर लाल टोपरं घातलेलं लेकरू, तुम्ही आज ऐकत असाल तर हे तुमच्यासाठी. माझं चुकलं. यंदा आमच्या गावचं नाटक शंकरपटाच्या दुसऱ्या दिवशी रात्री आहे. बांधीला लागून कवेलूचं घर, दारात चिंच. रांगेत उभं राहू नका, मागच्या दारानं सरळ चुलीपाशी या. लेकराला घेऊन या. आल्यावर आधी तुमचं नाव सांगा.

नमस्कार.