ताणावरची बाग

डिसेंबर. सोलापूरकडच्या या डाळिंबाचं पाणी मुद्दाम तोडलंय. ठिबक बंद. पानं पिवळी पडून गळायला लागलीत, तरी मालक निवांत.

याला म्हणायचं ताण. मुरमाड, हलक्या जमिनीत झाड लवकर ताणावर येतं. काळ्या भारी जमिनीत ओल टिकून राहते, तिथं जास्त दिवस वाट बघावी लागते. मग हलकी छाटणी, शेणखत आणि पहिलं पाणी बेतानं. जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलतं. हा आंबे बहार, म्हणजे फुलोऱ्याचा एक हंगाम. तिथून साधारण सहा महिन्यांनी भगवा, म्हणजे डाळिंबाचा हा वाण, तोडणीला येतो. मृग आणि हस्त हेही बहार आहेत, पण वर्षात एकच धरावा. तिन्ही धरायचा हावरटपणा झाडाला सोसत नाही.

फळ भरताना मात्र ताण नको. बरेच दिवस कोरडं ठेवून एकदम भडाभडा पाणी सोडलं, की डाळिंब तडकलंच.

सोलापूर दख्खनच्या पठारावर, साधारण साडेचारशे मीटर उंचीवर. पाऊस सह्याद्रीनं आधीच अडवलेला. भरवशाचा असा तो सप्टेंबरातच, म्हणून हा रब्बीचा जिल्हा. कोरडवाहू शेतीचं संशोधन इथं १९३३ पासून चालतं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही २००५ पासून इथंच आहे.

परसातल्या भाजीचं गणित वेगळं. मेथी-पालक ताण काढत नाहीत. ती आणि टोमॅटो दिवाळीच्या सुमारास लावा. पारा पस्तिशीच्या वर गेला की टोमॅटोची फुलं गळतात, मग पाणी कितीही घाला. उन्हाळा गवार-भेंडीचा.

काळ्या मातीला भेगा पडतात आणि खालची ओल त्यातून उडून जाते. कोळपणी म्हणजे वरची माती हलवून भेगा बुजवणं. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं शेतकरी म्हणतात. परसात कोळपं कुठलं, खुरपं चालवा. वर उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं, पसरा. या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. जुना मातीचा माठ असेल तर वांग्याच्या रोपांमध्ये गळ्यापर्यंत पुरा, भरा, झाकण ठेवा. भोवतालची माती सुकेल तसं पाणी पाझरत राहतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या घरांना हा माठ फार सोयीचा.

आणि कडेला एक बोर हवीच. उन्हाळ्यात पानं टाकून ती आपणहून ताणावर जाते. एप्रिल-मेमध्ये छाटली की पावसात नवी फूट येते आणि त्याच फुटीवर थंडीत बोरं धरतात. संक्रांतीला विकत आणायला नकोत.