स्वमत लिहून घ्या

मागे आवाज येतोय ना? नसेल तर पुढे या, पहिल्या दोन रांगा नेहमीप्रमाणे ओस आहेत. मागच्या बाकासाठी भांडायची सवय साठीनंतरही जात नाही.

पत्रिकेत विषय छापलाय ‘प्रश्नपत्रिका आणि विचारकौशल्ये’. त्याकडे येतेच. आधी एक गोष्ट. काहींनी ऐकली असेल, त्यांनी नव्याने हसावं.

मी दहावीला मराठी शिकवत होते. कृतिपत्रिकेत, म्हणजे दहावीच्या प्रश्नपत्रिकेत, ‘स्वमत’ असतं, मुलाने स्वतःचं मत लिहायचा प्रश्न, हे इथल्या आयांना सांगायला नको. घरोघरी तेवढ्यावरून रडारड होते. सहामाहीचे पेपर तपासायला घेतले. विषय, आईचे कष्ट. पहिला पेपर : ‘माझी आई पहाटे पाचला उठते. तिच्या हातांना घट्टे पडले आहेत.’ डोळ्यांत पाणी आलं हो. दुसरा पेपर : पहाटे पाच, हातांना घट्टे. सातव्या पेपरला मी उठून चहा टाकला. ४२ मुलं, ४२ आया, सगळ्या पाचच्या ठोक्याला उठलेल्या! त्यात एक पेपर अशा मुलीचा, जिची आई ती तिसरीत असतानाच गेली होती. तिच्याही आईच्या हातांना घट्टे.

तिला बोलावलं. म्हणाली, “बाई, तुम्हीच म्हणालात ना, स्वमत लिहून घ्या.”

खरंच होतं. पोर्शन मागे पडला होता, मीच फळ्यावर उतरवून दिलं होतं. आणि गुण किती दिले होते? पाचपैकी साडेचार. अर्धा कापला ऱ्हस्व-दीर्घाचा.

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. बरं.

तर मुद्दा. १९५६ साली शिकागोचे शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारकौशल्यांच्या पायऱ्या मांडल्या : ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. २००१मध्ये त्या सुधारल्या, सर्जन, म्हणजे नवनिर्मिती, सगळ्यात वर गेलं. आपण बी.एड.ला ही यादी घोकली, संविधान तक्त्यात, म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यात, प्रत्येक पायरीचे टक्के भरले आणि समजलो की ‘सांगा’ म्हणजे खालची पायरी, ‘कारणे द्या’ म्हणजे वरची. पण पायरी प्रश्नातल्या शब्दावर ठरत नाही. मुलाने त्याआधी वर्गात काय ऐकलंय, त्यावर ठरते. हे ब्लूमनाही ठाऊक होतं, आपण तेवढं गाळलं.

‘पानशेत धरण कधी फुटलं?’ १२ जुलै १९६१. ही आठवण. ‘त्यापाठोपाठ खडकवासला का फुटलं?’ वरचा लोंढा खालच्या धरणाला पेलवला नाही, हे नकाशा समोर ठेवून मुलाने स्वतः काढलं तर विश्लेषण. वहीत उतरवून दिलं असेल तर तीही आठवणच, फक्त दोन ओळी लांब.

‘फरक स्पष्ट करा’चं तेच. दोन रकाने पाठ! ते राहू दे, वेळ नाही.

मग करायचं काय? धडा तोच ठेवा, प्रसंग बदला. ‘मडक्यातलं पाणी गार का होतं?’ याला अख्खा वर्ग एका सुरात ‘बाष्पीभवन’ म्हणतो. त्याऐवजी विचारा, ‘तेच मडकं जुलैत तितकं गार का करत नाही?’ वर्ग गप्प होतो. त्या शांततेत हवेतल्या दमटपणापर्यंत एखादं पोर पोचतं, तेव्हा...

काय म्हणालात काका? हा प्रश्न गाइडात आलाय? उत्तरासकट?

मग संपलं. तोही पाठांतरात जमा. चला, ते पंखे बंद करताहेत.